आधी बुकिंग, मग पैसे

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कुठल्याही कॅलेंडरात आधीपासून छापलेली नसते. देवीचा कौल होतो, गावकरी तारीख ठरवतात आणि मग ती बाहेर पडते. ज्या दिवशी ती जाहीर होते त्या दिवशी मालवण तालुक्यातल्या होमस्टेवाल्यांना जेवायला सवड नसते. मुंबईतला चाकरमानी आधी तारीख बघतो, मग रेल्वेचं तिकीट, मग खोली. फोन घरधनी घेतो, मालकीण घेते, ठाण्यात नोकरीला असलेला मुलगाही घेतो. कोणी म्हणतं, 'पाचशे पाठवतो, खोली धरून ठेवा.' कोणी नुसतंच म्हणतं, 'आमचं नक्की हां, काका.' संध्याकाळी हिशेब घातला तर तीन खोल्यांवर पाच कुटुंबं बसलेली असतात, आणि कुणाला काय कबूल केलंय हे तिघांपैकी एकालाही पुरतं ठाऊक नसतं.

मी मालवणात राहते आणि अशा घरांचे हिशेब लिहिते. देवबाग, तारकर्ली, वायरी, चिवल्याच्या बाजूची घरं. कुणाच्या दोन खोल्या, कुणाच्या चार. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर हळूहळू माडांच्या बागेत, पडवीला लागून, जुन्या गोठ्याच्या जागेवर खोल्या उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. पाहुणे वाढले, मोबाईलवरून बुकिंग घेणाऱ्या कंपन्या आल्या, जीएसटी आला. घरातली हिशेबाची वही मात्र पुष्कळ ठिकाणी किराणा दुकानातून आणलेली तीच राहिली, आणि तिच्यातही अर्धी पानं दूधवाल्याची.

लोकांना वाटतं हिशेबाचं काम म्हणजे मार्चमध्ये बिलांची पिशवी घेऊन आमच्याकडे येणं. या घरांचे हिशेब बिघडतात, त्याचं मूळ मला तरी पैशांच्या बेरजेत फारसं सापडत नाही. ते बुकिंगच्या नोंदीत सापडतं. पाहुणा कोण, किती रात्री, कोणत्या खोलीत, कोणत्या दराने, हे ठरल्या क्षणी लिहिलं गेलं नाही, की पुढे बँक, रोकड आणि कर या तिन्ही ठिकाणी अंदाजच करत बसावं लागतं.

पाटील कोणते?

बहुतेक घरांत बुकिंगची नोंद म्हणजे व्हॉट्सॲप. फोटो पाठवला, दर सांगितला, 'ओके' आलं, झालं बुकिंग. शंका आली की बोटाने वर सरकवत जायचं. यात गोची अशी की बोलणं एका फोनवर, पैसे दुसऱ्याच्या खात्यात आणि खोल्यांची चावी तिसऱ्याकडे. शिवाय बोलण्यात ठरलेली गोष्ट शेवटच्या ओळीत असतेच असं नाही. दर आधी ३,००० सांगितला, मग 'आम्ही दरवर्षी येतो' म्हणून २,७०० वर आला, मग लहान मुलासाठी जादा गादी लागली. महिन्याभराने त्यातलं पक्कं काय होतं, हे शोधणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम.

त्यात नावांचा घोळ. मे महिन्यात एका घरात 'पाटील' नावाचे चार पाहुणे सहज येतात. मोबाईलमध्ये ते 'पाटील पुणे', 'पाटील पुणे २', 'पाटील स्कॉर्पिओ' अशा नावांनी बसलेले. पैसे पाठवतो मेहुणा, त्याचं आडनाव तिसरंच. बँकेच्या पुस्तकात शिंदे नावाने दोन हजार जमा दिसतात आणि या घरात शिंदे नावाचं कोणी राहिलेलंच नाही!

म्हणून मी पहिली गोष्ट सांगते ती क्रमांकाची. प्रत्येक बुकिंगला एक क्रमांक द्यायचा. आर्थिक वर्ष आणि पुढे चढता आकडा, एवढं पुरे. तो क्रमांक पाहुण्याला कळवायचा, पैसे मागताना लिहायचा, पावतीवर टाकायचा, आणि बुकिंग रद्द झालं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. दुसरी गोष्ट, नावापेक्षा मोबाईल नंबरवर भरवसा ठेवायचा. पाटील चार असतील, नंबर एकच असतो. तिसरी गोष्ट, यूपीआयने पैसे आले की त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक त्याच ओळीत उतरवायचा. मग पैसे मेहुण्याने पाठवोत नाहीतर शेजाऱ्याने, ते कोणत्या बुकिंगचे हे कुणाला विचारावं लागत नाही.

एक ओळ, पण पुरी

वही असो की मोबाईलमधली शीट, एका बुकिंगला एक ओळ. त्या ओळीत क्रमांक, बुकिंग घेतल्याची तारीख, कोणी घेतलं, पाहुण्याचं नाव आणि नंबर, येण्याची तारीख, जाण्याची तारीख, रात्री किती, खोली कोणती, रात्रीचा दर, एकूण रक्कम, आगाऊ आलेली रक्कम, बाकी आणि सद्यस्थिती. बुकिंग कुठून आलं हेही लिहायचं: थेट फोनवरून, ओळखीतून की एखाद्या कंपनीच्या ॲपवरून.

यातला 'रात्री किती' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. आपल्याकडे लोक दिवस मोजतात. 'शुक्रवार ते रविवार, तीन दिवस' असं पाहुणा म्हणतो, आणि मालकही तीन धरतो. पण शुक्रवारी आला आणि रविवारी गेला तर रात्री दोनच. येण्याची तारीख धरायची, जाण्याची सोडायची. हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ असला की दराचे निम्मे वाद आपोआप मिटतात, आणि रविवारी दुपारी तीच खोली दुसऱ्याला देता येते हेही नजरेस पडतं.

'सद्यस्थिती' हा दुसरा कामाचा रकाना. कच्चं, पक्कं, राहून गेले, रद्द, पुढे ढकललं, एवढे पाच शब्द पुरतात. कच्च्या बुकिंगला मुदत हवी. 'आज रात्री आठपर्यंत आगाऊ रक्कम आली नाही तर खोली मोकळी', हे पाहुण्याला तोंडावर सांगायला आपल्या लोकांना जड जातं. पण मुदतीशिवाय धरून ठेवलेली खोली शेवटी कुणाचीच होत नाही. जत्रेच्या वेळी हेच होतं: नुसत्या शब्दावर धरलेल्या खोल्या रिकाम्या राहतात आणि पैसे द्यायला तयार असलेल्यांना 'फुल्ल आहे' सांगितलेलं असतं.

पैसे न देता राहिलेल्यांचीही ओळ लिहायची, हे सांगितलं की घरची मंडळी हसतात. मामाचा मुलगा चार रात्री राहिला, त्यात काय लिहायचं? लिहायचं ते यासाठी की तीन खोल्यांच्या घरात तीस दिवसांच्या महिन्यात नव्वद रात्री असतात. त्या नव्वदांचा हिशेब लागला पाहिजे. इतक्या विकल्या, इतक्या घरच्यांना दिल्या, इतक्या दिवस नळ दुरुस्तीसाठी खोली बंद होती, उरलेल्या रिकाम्या. घरच्यांच्या रात्री वेगळ्या दाखवल्या नाहीत तर त्या रिकाम्यांत जमा होतात आणि मालकाला वाटतं धंदा थंड आहे. उलट कधी खोली भरलेली दिसते आणि पैसे नसतात, तेव्हा रोकड सांभाळणाऱ्या बिचाऱ्या गड्यावर संशय जातो.

दोन कॅलेंडरं, एक खोली

हल्ली एकच खोली दोन-तीन ॲपवर लावलेली असते, आणि थेट फोनही चालू असतात. या कंपन्यांची कॅलेंडरं एकमेकांना जोडता येतात. एका ठिकाणी तारीख भरली की दुसरीकडे ती बंद होते. पण कॅलेंडरच्या साध्या जोडणीतून ही बातमी लगोलग पोहोचत नाही, मध्ये काही तास जाऊ शकतात. ३१ डिसेंबरच्या खोलीसाठी काही तास फार झाले. दुसरं म्हणजे, या जोडणीतून जातं ते फक्त 'या तारखा भरलेल्या आहेत' एवढंच. दर, रक्कम, आगाऊ किती आली, यातलं काहीच जात नाही. तेव्हा जोडलेलं कॅलेंडर म्हणजे हिशेब नव्हे. आणि फोनवरून घेतलेलं बुकिंग तर हाताने घातल्याशिवाय कोणत्याच कॅलेंडरला कळत नाही.

यावर माझा उपाय जुन्या वळणाचा आहे. घराची एकच मुख्य नोंद, आणि 'हो' म्हणण्याआधी ती उघडायची. ठाण्यातल्या मुलाने बुकिंग घेतलं तरी त्याने आधी त्या सामायिक शीटमध्ये ओळ भरायची, मग पाहुण्याला कळवायचं. एखाद्या ॲपवरून बुकिंग आल्याची सूचना आली की त्याच क्षणी बाकीच्या ठिकाणी ती तारीख हाताने बंद करायची. वहीच वापरणार असाल तर फोन येणाऱ्या जागी वही ठेवा. कपाटातली वही संध्याकाळीच उघडते.

बँकेत कमी का आले?

तारकर्लीच्या एका काकींनी मला विचारलं होतं, 'गो, नऊ हजाराची खोली, आणि बँकेत सात हजार काय ते इले. मधले खंय गेले?' हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण होमस्टेच्या हिशेबातली सर्वांत मोठी गफलत इथेच होते.

समजा, एका कंपनीच्या ॲपवरून तीन रात्रींचं बुकिंग आलं, दर ३,०००. खोलीचं भाडं झालं ९,०००. कंपनीचं कमिशन १५ टक्के धरलं तर १,३५०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, २४३. आयकराची ०.१ टक्का कपात, म्हणजे ९ रुपये. बँकेत आले ७,३९८.

आता जो माणूस बँकेचं पुस्तक बघून हिशेब लिहितो, तो उत्पन्न लिहितो ७,३९८. खरं उत्पन्न ९,००० आहे. १,३५० आणि २४३ हा खर्च आहे, आणि ९ रुपये हा आपल्या नावावर भरला गेलेला कर आहे. रापणीचे मासे किनाऱ्यावर आले की आधी पुरा ढीग बघतात आणि मग वाटण्या पडतात, तसंच इथेही. आधी पूर्ण रक्कम लिहायची, मग तिच्यातून कोणी काय नेलं ते.

यात नुसतं टापटिपीचं प्रेम नाही. कंपनीने ती ०.१ टक्क्याची कपात केली की तिचा तपशील आयकर खात्याकडे जातो आणि तुमच्या वार्षिक माहिती विवरणात उमटतो. तिथे रक्कम ९,००० दिसते. तुमच्या विवरणपत्रात ७,३९८. वर्षभराच्या बुकिंगांवर हा फरक चांगला मोठा होतो आणि मग खुलासा मागणारी नोटीस येऊ शकते. वैयक्तिक मालकाची त्या ॲपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल, तर ही कपात होत नाही. पॅन दिलंच नाही तर मात्र कपात ५ टक्क्यांवर जाते, म्हणून पहिल्याच दिवशी ते देऊन टाकावं.

दुसरं कारण जीएसटीचं. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांची उलाढाल ओलांडली की नोंदणी करावी लागते, आणि ही उलाढाल पूर्ण रकमेवर मोजतात, हातात आलेल्या रकमेवर नव्हे. नोंदणी नसलेल्या घराच्या ॲपवरच्या बुकिंगवर कर भरण्याची जबाबदारी कायद्याने त्या कंपनीवर टाकली आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. त्याआधी तो १२ टक्के होता. म्हणजे वरच्या उदाहरणात पाहुण्याने ९,४५० दिले. त्यातले ४५० आपल्याकडे आलेच नाहीत आणि ते आपल्या उत्पन्नातही धरायचे नाहीत. पण पाहुणा जेव्हा 'आम्ही साडेनऊ हजार भरले' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, हे माहीत असलेलं बरं.

आणखी एक अडचण म्हणजे एकत्र आलेली रक्कम. कंपनी कधी कधी दोन-तीन बुकिंगांचे पैसे एका फटक्यात पाठवते. बँकेत एकच आकडा दिसतो. तो फोडायचा तर कंपनीच्या संकेतस्थळावरून पैसे पाठवल्याचा तपशील उतरवून घ्यावा लागतो. त्यात प्रत्येक बुकिंगचा कंपनीचा क्रमांक असतो. तो आपल्या ओळीत आधीच लिहिलेला असेल तर काम दहा मिनिटांचं. हा तपशील महिन्याच्या महिन्याला घ्यावा, मार्चची वाट बघू नये.

आगाऊ आलेले पैसे आपले नसतात

पाहुण्याने मे महिन्यासाठी फेब्रुवारीत ४,००० रुपये पाठवले. ते बँकेत आले, त्यातून छपराची कौलं बदलली. मालकाच्या मते कमाई झाली. माझ्या मते अजून काहीच झालेलं नाही. पाहुणा येऊन राहत नाही तोवर ते त्याचं आपल्यावरचं देणं आहे. राहून गेला की उत्पन्न.

२०२० च्या मार्चमध्ये हे सगळ्यांना कळून चुकलं. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. एप्रिल-मे म्हणजे आमचा भर हंगाम, त्याची आगाऊ रक्कम आधीच आलेली. एकाएकी सगळे फोन उलट दिशेने सुरू झाले: पैसे परत द्या, नाहीतर तारीख पुढे ढकला. ज्यांनी बुकिंगवार आगाऊ रक्कम लिहिली होती, त्यांनी एका दुपारी यादी काढली, कोणाचे किती आणि कोणाला काय सांगायचं. ज्यांच्याकडे नुसती बँकेची पानं होती, त्यांना पाहुणा सांगेल तो आकडा मान्य करावा लागला.

पुढे ढकललेल्या बुकिंगची नोंद कशी करायची? जुनी ओळ खोडायची नाही. तिच्यापुढे 'पुढे ढकललं' लिहायचं आणि नव्या क्रमांकाचा उल्लेख करायचा. नव्या ओळीत 'आगाऊ ४,०००, जुन्या अमुक क्रमांकावरून' असं लिहायचं. रद्द झालं तर किती परत दिले, कोणत्या तारखेला, कशाने, आणि काही ठेवून घेतले असतील तर किती. ठेवून घेतलेली रक्कम त्या दिवशी उत्पन्न होते. मोडतोडीसाठी घेतलेली अनामत याहून वेगळी. ती परत द्यायचीच असते, म्हणून तिचा रकाना वेगळा.

जीएसटीची नोंदणी असलेल्यांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. सेवेच्या बाबतीत आगाऊ रक्कम आली की त्या रकमेवरचा कर तेव्हाच देय होतो, पाहुणा यायची वाट बघत नाही. म्हणजे फेब्रुवारीतले ४,००० हिशेबात देणं, पण कराच्या विवरणात फेब्रुवारीचेच. दोन तारखा वेगवेगळ्या लिहिल्या असतील तरच हे जमतं.

आणि ३१ मार्च. २०२४ मध्ये गुड फ्रायडे २९ मार्चला आला होता आणि जोडून सुट्ट्या होत्या. समजा एक कुटुंब ३० मार्चला आलं आणि २ एप्रिलला गेलं. तीन रात्रींचे ९,०००. दोन रात्री जुन्या वर्षाच्या, एक नव्या. म्हणून ६,००० इकडे, ३,००० तिकडे, पैसे कधीही आले असले तरी. रोख पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्यांची रीत वेगळी असते आणि तीही चालते. पण एक पद्धत धरली की दरवर्षी तीच धरायची.

होडीवाल्याचे पैसे

पाहुणा जाताना एक रक्कम टाकतो आणि तिच्यात खोली असते, सुरमईची थाळी असते, सोलकढीचे जादा पेले असतात आणि डॉल्फिन बघायला नेणाऱ्या होडीचं भाडंही असतं. सगळं मिळून १४,२०० रुपये यूपीआयने आले आणि वहीत 'खोली १४,२००' असं पडलं, की वर्षाच्या शेवटी खोलीचा दर काय पडला याला अर्थ राहत नाही.

खोली वेगळी, जेवण वेगळं. होडीचे २,००० होडीवाल्याला नेऊन दिले असतील तर ते आपलं उत्पन्नच नाही. आपण फक्त हातातून हातात दिले. त्यातले दोनशे त्याने आपल्याला दिले असतील तर तेवढेच आपले. हे न लिहिल्यामुळे उलाढाल उगीच फुगते, आणि २० लाखांच्या काठावर असलेल्या घराला ते महागात पडतं.

रोख की ऑनलाईन, हेही प्रत्येक जमेपुढे लिहावं. छोट्या धंद्यांसाठी आयकरात अनुमानित नफ्याची जी सोय आहे, तिच्यात बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के आणि रोख उलाढालीवर ८ टक्के नफा धरतात. दोन्ही एकाच रकान्यात ओतलं तर ही सवलत हिशेबात दाखवता येत नाही.

महिन्याचा ताळा

पेशवाईतल्या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही आहेत. रोज आलेलं-गेलेलं तारखेने कीर्दीत लिहायचं आणि मग ते ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत घालायचं, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. होमस्टेला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. पैसे आले त्या तारखेची कीर्द, आणि बुकिंगवार खतावणी. दोन्ही जुळल्या की झालं.

जुळतात की नाही हे बघायचा एक साधा ताळा आहे, आणि तो मी प्रत्येक घराला शिकवते. थेट आलेल्या पाहुण्यांपुरता बघू. महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या पाहुण्यांची आगाऊ रक्कम आपल्याकडे होती २२,०००. महिन्यात रोख आणि यूपीआय मिळून आले १,४०,०००. परत दिले ४,०००. म्हणजे १,५८,०००. या महिन्यात जे राहून गेले त्यांची बिलं झाली १,२७,००० आणि ती पूर्ण वसूल झाली. उरले ३१,०००. आता वहीत पुढच्या तारखांच्या सगळ्या बुकिंगांपुढची आगाऊ रक्कम बेरजेला घ्या. ती ३१,००० आली पाहिजे. २८,००० आली तर कुणाचे तरी ३,००० आले आहेत आणि त्याची ओळच नाही. तो माणूस एक दिवस बॅगा घेऊन दारात उभा राहणार आहे, आणि त्याच्यासाठी खोली धरलेली नसेल.

म्हणून मी या ताळ्याला किंमत देते. पैशांतला फरक आपल्याला न लिहिलेल्या पाहुण्यापर्यंत नेतो, तोही तो येण्याआधी. 'माका सगळा तोंडपाठ आसा' म्हणणाऱ्या मालकांनाही हा ताळा एकदा घालून दाखवला की ते वही मागतात.

पाहुण्यांचं रजिस्टर

बुकिंगची नोंद आणि पाहुण्यांचं रजिस्टर या दोन गोष्टी आहेत. बुकिंग एकाच्या नावाने होतं, राहायला सहा जण येतात. रजिस्टरमध्ये प्रत्यक्ष राहिलेल्या माणसांची नावं, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा नंबर, आल्या-गेल्याची वेळ आणि सही असते, आणि तपासणीला आलेले पोलीस तेच मागतात. परदेशी पाहुणा आला तर ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात ती माहिती २४ तासांच्या आत ऑनलाईन भरावी लागते. गोव्याहून दोन रात्रींसाठी तारकर्लीला आलेला परदेशी पर्यटकही याला अपवाद नाही. रजिस्टरच्या ओळीत बुकिंगचा क्रमांक टाकला की दोन्ही नोंदी एकमेकींच्या साक्षीदार होतात.

ओळखपत्रांच्या बाबतीत एक विनंती. पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पडून असतात, हे बरं नाही. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते. पाहुण्याकडे तीच मागावी. हिशेबाला आधारचा नंबर कुठेच लागत नाही.

नोंदी जपून किती वर्षं ठेवायच्या? जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या मुदतीपासून ७२ महिने, असा नियम आहे. नोंदणी नसली तरी तेवढं धरून चालावं. शीट मोबाईलमध्ये असेल तर महिन्यातून एकदा तिची प्रत कुठेतरी वेगळी ठेवा, आणि कोणतीही ओळ पुसू नका. रद्द झालेली ओळही कामाची असते. तिच्यामुळेच कळतं की जत्रेला शब्द देऊन न आलेले कोण होते.

हे सगळं एकदम सुरू करायला जाऊ नका. मागच्या दोन वर्षांचं उकरत बसलात तर आठवड्यात कंटाळून वही मिटाल. पुढच्या तारखांची जी बुकिंगं आज हातात आहेत तेवढी एका बैठकीत लिहून काढा, प्रत्येकाला क्रमांक द्या, आलेली आगाऊ रक्कम त्यापुढे मांडा. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक फोनला एकच नियम: आधी ओळ, मग 'हो'. महिनाअखेरीला ताळा घाला. तो जुळला, तर मार्चमध्ये आमच्याकडे येताना बिलांची पिशवी आणावी लागणार नाही, वही पुरेल.